पुढच्या चाकाकडची खटखट

गाडी खड्ड्यातून गेली की पुढून खट् खट् आवाज येतो, अशी तक्रार घेऊन जुन्या मारुती ८००चे मालक गॅरेजात जातात आणि पुष्कळदा शॉक अ‍ॅब्सॉर्बरची नवी जोडी बसवून परत येतात. खिसा हलका होतो, आवाज मात्र तिथंच! आमच्या घरीही हेच झालं. शॉक बदलून येताना गल्लीच्या तोंडाशीच पुन्हा खटखट झाली आणि सौभाग्यवतींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. दोष होता मूठभर रबराचा.

८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं, पण ही गाडी अजून कितीतरी घरांत आहे. तिच्या पुढच्या दोन चाकांमध्ये यू आकाराचा एक पोलादी दांडा असतो. त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली की हा दांडा पिळला जातो आणि कलणं आवरतो. सांगाड्याला तो दोन ठिकाणी पट्टीनं धरलेला असतो आणि त्याची टोकं चाकांच्या खालच्या आर्ममध्ये अडकवलेली असतात. या सगळ्या जागी रबरी बुश असतात. ८००मध्ये या दांड्याकडे आणखी एक काम आहे. खालचा आर्म पुढंमागं सरकू नये म्हणून तोच त्याला धरून ठेवतो. त्यामुळे टोकाचे बुश गेले की ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढू लागते आणि टायरही वेडेवाकडे झिजतात. घाटात मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्यानं ही किरकोळ दुरुस्ती समजू नये.

मग दोष शॉकचा की बुशचा? एक साधी युक्ती सांगतो. स्पीडब्रेकरवरून गाडी सरळ, सावकाश न्या. दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली की दांडा पिळला जात नाही, नुसता बुशमध्ये फिरतो. तेव्हा आवाज नसेल आणि एकच चाक खड्ड्यात गेल्यावर खटखट होत असेल, तर आधी बुशकडे बघा. बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी डुलतच राहिली, तर मात्र शॉक संपले.

आता बाजारात रबराऐवजी पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. ते कडक असतात, तेलानं लवकर खराब होत नाहीत आणि वळणावर गाडी जास्त घट्ट वाटते. भाच्यानं तेच बसवायचा हट्ट धरला होता. पण रस्त्याचा प्रत्येक हादरा ते आत पोचवतात आणि सिलिकॉन ग्रीस नीट लावलं नाही, तर जुन्या झोपाळ्यासारखे कुरकुरतात. आर्मच्या टोकाशी दांड्याला थोडं लवचीक राहावं लागतं, म्हणून तिथं तरी मी कंपनीच्या मापाचं रबरच पसंत करतो. हौस असेल तर मधल्या पट्टीखाली पॉलियुरेथेन घाला.

काम सांगताना मेकॅनिकला तीन गोष्टी बजावा. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदलायचे. रबराला साधं ग्रीस चोपडायचं नाही, त्यानं रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. आणि गाडी जॅकवर असताना नट शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन त्यांवर आल्यावरच आवळायचे, नाहीतर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. टोकाच्या नटाची स्प्लिट पिन नवीच घालायची. नंतर अलाइनमेंट तपासून घ्या. गाडीखाली स्वतः शिरणार असाल, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली घोडे लावा.

आमच्या गाडीचा उजवीकडचा बुश डावीकडच्यापेक्षा कितीतरी जास्त मऊ होऊन फुगला होता. वर पाहिलं तर इंजिनचं तेल थेंबथेंब त्यावरच गळत होतं. आधी ती गळती थांबवली, मगच नवे बुश बसवले.