आधी हिशेब, मग कारंजे



शाळेच्या आवारात पाच-सहा फुटांची मोकळी जागा असली, की तिथे एखादे छोटे कारंजे असावे असे कुणाला वाटत नाही? स्नेहसंमेलनाच्या आधी घाईघाईने हौद बांधला जातो, पंप बसतो, चार दिवस पाणी उडते. आणि पुढे त्याच हौदात पाचोळा, शेवाळ नि डासांच्या अळ्या उरतात. कारंज्याला माझा विरोध नाही. पण त्याचा आराखडा प्रथम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी वहीत मांडावा, आणि हिशेब जुळला नाही तर कारंजे बांधूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेब मागे पडला की काय होते, ते एका राजाने जगाला दाखवले आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायच्या बागेत कारंजीच कारंजी उभारली. पाणी पुरेना म्हणून १६८४ साली सेन नदीवर मार्ली येथे १४ प्रचंड चाकांचे पाणी उपसण्याचे यंत्र सुरू झाले. तरीही सगळी कारंजी एका वेळी चालेनात. राजा जिकडे येई तिकडचे पाणी सोडायचे, तो पुढे गेला की बंद करायचे, आणि शिटी वाजवून एकमेकांना इशारा द्यायचा, हेच तिथल्या सेवकांचे काम होऊन बसले!

आता आपले कारंजे घ्या. समजा, टाकीतील पाण्याची पातळी तोटीच्या तोंडापेक्षा १ मीटर उंच आहे. पाणी त्या पातळीच्या वर कधीच उडणार नाही. घर्षणामुळे थोडे खालीच राहील. तोटीतून निघणाऱ्या पाण्याचा वेग म्हणजे २ × ९.८ × १ याचे वर्गमूळ, अर्थात सेकंदाला सुमारे ४.४ मीटर. तोटीच्या भोकाचा व्यास ३ मिलिमीटर असेल, तर तासाला जास्तीत जास्त ११३ लिटर पाणी बाहेर पडेल. तेच भोक ६ मिलिमीटरचे केले, तर ४५० लिटर! व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, हा भूमितीतला नियम इथे थेट पाण्याच्या बिलावर उमटतो.

हे पाणी गटारात जाता कामा नये. ते हौदात पडून पंपाने पुन्हा टाकीत चढले पाहिजे. त्यासाठी मोठा पंप लागतो हा गैरसमज आहे. तासाला ११३ लिटर पाणी दीड मीटर चढवण्याचे काम अर्ध्या वॅटपेक्षाही कमी शक्तीचे आहे. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३७३ वॅट. घर्षणात नि पंपात बरीच शक्ती वाया जाते हे धरले, तरी कूलरमधला छोटा पंप पुष्कळ झाला. मात्र विजेची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.

हौद केवढा हवा? कारंजे जेवढे उंच, त्याच्या निदान दुप्पट रुंद. नाहीतर वाऱ्याने पाणी फरशीवर सांडते. जागा कमी असेल तर कारंजे ठेंगणे करा. शिवाय बाष्पीभवन आहेच. १ चौरस मीटर पृष्ठभागावरून १ मिलिमीटर पाणी उडाले, की १ लिटर कमी झाले. वर्गाने रोज पट्टीने मोजून त्याची नोंद ठेवावी.

कुणी म्हणेल, एवढ्याशा शोभेसाठी इतका खटाटोप कशाला? कारण न फिरणारे पाणी ही डासांची शाळा आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून हौद दर आठवड्याला रिकामा करून घासलाच पाहिजे, आणि ते पाणी झाडांना घातले पाहिजे. उन्हाळी सुटीत हे कोण करणार, याचे उत्तर आराखड्यातच हवे. ते नसेल तर सुटीपूर्वी हौद कोरडा करून ठेवावा.

आणि ज्या गावात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथल्या शाळेने कारंज्याचा विचारच सोडावा. तिथे वहीतला हिशेब करून 'नको' असे ठरवणे, हाही विज्ञानाचाच धडा आहे.

शिक्षकांना विनंती एवढीच, की कंत्राटदाराला बोलावण्याआधी वर्गात हा हिशेब मांडा. उत्तर 'हो' आले तर कारंजे अवश्य उडवा. त्या पाण्याचा थेंब न् थेंब मुलांना ठाऊक असेल.