मग गुंठे किती?

दशमान मापे आणायला एक कायदा पुरतो, असे पाठ्यपुस्तक वाचून वाटते. आपल्याकडे तो १९५६ साली झाला. १९५८ पासून शेर जाऊन किलो येऊ लागला आणि रुळलाही. आजही आमच्या बाजारात बायका 'पावशेर मिरची' मागतात, तराजूत पडते ती २५० ग्रॅम. जुना शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. नाव तेच राहिले, वजन बदलले, कुणाचे अडले नाही. कारण खरेदी रोजची.

जमीन मात्र पिढीतून एकदा मोजली जाते. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, पण बांधावरचे भांडण गुंठ्यातच! गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखे, आणि घात होतो तो तिथेच.

यंदा आमची वाटणी झाली. कागदावर '४० आर' होते. अण्णा म्हणाले, "चाळीस गुंठे, म्हणजे एकर झाला की." तसे नव्हते. जवळजवळ अर्धा गुंठा कमी भरत होता, सुमारे ५०० चौरस फूट. आमचे राहते घर तेवढ्याच जागेत आहे.

अशा माणसांना अडाणी म्हणण्याची आपल्या वर्गात पद्धत आहे. मला ते पटत नाही. गुंठा अण्णांना पावलांनी मोजता येतो. आर कागदावरच असतो, आणि कागद वाचणारा दुसराच असतो.

सही करायची थांबवून अण्णांनी मला विचारले, "मग गुंठे किती?"

घरातला पहिला कॉलेजवाला मी. मलाही पेन्सिल शोधावी लागली.