मुलांचे पाय दुखणे आणि ‘ड’ जीवनसत्त्व

नवनगरात वर्षातले बहुतेक महिने उन्हाची वाण नसते. तरीही दीर्घकाळ हातपाय दुखणाऱ्या मुलांच्या अहवालात ‘ड’ जीवनसत्त्व वारंवार कमी आढळते. २०१६–१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वयोगटात सुमारे २४ टक्के मुलामुलींत ही कमतरता दिसली. जे जवळजवळ दर चौथ्या मुलाच्या रक्तात आढळते, तेच दुखण्याचे कारण होय, असा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

कमतरता अवश्य भरून काढावी. पण पुडी लिहून तपासणी संपू नये. रात्री दोन्ही पोटऱ्या दुखून सकाळी मूल हुंदडत असेल, तर ते बहुधा वाढीच्या वयातले निरुपद्रवी दुखणे असते. मात्र सांध्याची सूज, लंगडणे, सकाळचा ताठरपणा, ताप, फिकटपणा वा वजन घटणे दिसल्यास संधिवात, हाडांचा क्षय, रक्ताचा कर्करोग यांचा शोध घ्यायलाच हवा.

पालकांनीही ६०,००० युनिटची पुडी आपल्या मनाने वारंवार देऊ नये. अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मुलांना उघड्यावर खेळू द्यावे; काचेआडच्या उन्हाने हे जीवनसत्त्व तयार होत नाही.

आम्हां डॉक्टरांनी अहवाल मागविण्याआधी मुलाला चालवून, सांध्यांना हात लावून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.