आकडा उतरला, श्रेय कोणाचे?

अग्न्याशयाच्या कर्करोगाचे शस्त्रकर्म झालेला रुग्ण आज वैद्याकडे येतो तो फाईल घेऊनच. नाडीवर बोट ठेवण्यापूर्वीच नातेवाईक 'सीए १९-९' चा कागद पुढे करतात आणि विचारतात, "वैद्यराज, आकडा उतरला ना?" औषध सुरू झाल्यावर आकडा उतरला, म्हणजे औषधानेच तो उतरवला, असे उत्तर देण्याचा मोह आपल्यापैकी काहींना आवरत नाही, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते.

या द्रव्याचा निचरा पित्तावाटे होतो. पित्तमार्ग अवरुद्ध होऊन कामला झाली की कर्करोग नसतानाही त्याचे प्रमाण वाढते. नळी घालून अवरोध दूर केला की ते आपोआप उतरते. त्यात आपल्या क्वाथाचे कर्तृत्व ते काय? शिवाय शंभरांत पाच-दहा व्यक्तींच्या शरीरात जन्मतःच हे द्रव्य तयार होत नाही. त्यांचा प्राकृत आकडा कोणताच दिलासा देत नाही.

म्हणून परीक्षण निरर्थक, असे मात्र आम्ही म्हणत नाही. शस्त्रकर्मानंतर हा आकडा १८० युनिटांच्या वर राहिलेल्या रुग्णांचे आयुष्य पुष्कळ कमी भरल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दिसले. अल्ब्युमिन घटलेले आणि सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन वाढलेले असणे हेही अशुभच मानतात. बलपरीक्षेचा अभ्यास असलेल्या वैद्याला त्याचे नवल वाटू नये. परंतु हे सारे समूहाचे गणित आहे. समोर बसलेल्या एका माणसाचे दिवस त्यातून मोजता येत नाहीत.

चरकाचार्यांनी इंद्रियस्थानाचे १२ अध्याय अरिष्टविचाराला दिले, आणि अखेरीस बजावले की मरणसूचक चिन्हे ओळखली तरी वैद्याने ती न विचारता सांगू नयेत. विचारले तरी ज्याने रुग्णाला वा आप्तांना आघात होईल ते बोलू नये. आज प्रयोगशाळा तेच चिन्ह ठळक अक्षरांत छापून रुग्णाच्याच हाती देते! ते समजावून सांगण्याचे काम मग आपल्याकडे येते, आणि तेथेच खोटा धीर देणे सर्वांत घातक ठरते. 'आकडा उतरला' एवढ्यावर विसंबून केमोथेरपी सोडणाऱ्या रुग्णाची हानी कोण भरून देणार? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स व कॅनडातील अभ्यासात शस्त्रकर्मानंतर चार औषधांची केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ५४.४ महिने भरले. केवळ जेमसिटाबिन घेतलेल्यांचे ३५.

यापुढे अशा रुग्णवृत्तांतात सीए १९-९ सोबत त्याच दिवसाचे बिलिरुबिन, पित्तमार्गात नळी घातल्याची तारीख आणि केमोथेरपीच्या मात्रांच्या तारखा दिलेल्या असाव्यात. सर्व परीक्षणे एकाच प्रयोगशाळेतील, एकाच पद्धतीची असावीत. यांवाचून आलेला वृत्तांत औषधाच्या गुणाचा पुरावा म्हणून स्वीकारू नये, असे आमचे मत आहे.