अफवेचे बळी

कोंबडी खाल्ल्याने करोना होतो ही निराधार वार्ता २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पसरली, तीही शिकल्यासवरलेल्यांच्याच मोबाइलवरून! पुणे-मुंबई-नाशिकच्या गिऱ्हाइकीवर उभा असलेला परिसरातील कुक्कुटपालक तिने आडवा केला. अनेक ठिकाणी उत्पादनखर्चाचा चौथा हिस्साही हाती येईना. सुमारे ४० दिवसांत विक्रीस येणारा पक्षी धान्यासारखा कोठारात ठेवता येत नाही. भाव नसला तरी मका-सोयाबीनचे खाद्य त्याला घालावेच लागते. कित्येकांनी पिले खड्ड्यांत पुरली. उरलेला धंदा २५ मार्चच्या टाळेबंदीने बसविला. शासनाने खुलासे केले. पण खुलाशांनी बँकेचे हप्ते फिटत नाहीत. पीक बुडाले तर पंचनामा तरी होतो. भाव बुडाल्यावर तो कोणी करायचा, हे पुढची साथ येण्यापूर्वी शासनाने ठरवावे.