सत्कार आणि अपील

सैनिकाविषयीच्या आदराची आमच्या समाजात वाण आहे असे कोणी म्हणू लागला, तर त्याला 7 डिसेंबरला, ध्वजदिनी, एखाद्या सरकारी कचेरीत नेऊन उभे करावे. तांबड्या, गडद निळ्या आणि फिक्या निळ्या पट्ट्यांचा तो चिमुकला कागदी ध्वज साहेबांपासून पट्टेवाल्यापर्यंत अनेकांच्या खिशावर टाचलेला त्याला दिसेल. 1949 पासून हा परिपाठ चालू आहे. त्याच सप्ताहात कुठे तरी शामियाना उभारला जातो, माजी सैनिकांना शाल आणि श्रीफळ मिळते, भाषणांत सियाचीनची थंडी येते. मग उणे काय, असे विचारणारे सद्गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांच्या सद्भावनेविषयी मला यत्किंचितही संशय नाही. माझा वाद आहे तो त्यांनी जमेस धरलेल्या रकमेविषयी.

दुसऱ्या टोकाला, सैनिक पगार घेतो, त्याचे कौतुक कशाला, असे म्हणणारे आहेत. त्यांची समजूत दोन वाक्यांत घालता येईल. ज्याचे मूलभूत हक्क घटनेच्या 33 व्या कलमान्वये मर्यादित करता येतात, ज्याला मनास येईल त्या दिवशी राजीनामा टाकून घरी जाता येत नाही, आणि जो शिपाई बहुधा मुले शाळेत असतानाच, पस्तिशी-चाळिशीत, निवृत्त होतो, त्याचा करार कारकुनाच्या कराराच्या पंक्तीस बसविणे हा न्याय नव्हे. ज्याला एवढ्याने पटत नाही, त्याने भरतीच्या मैदानावर एक सकाळ काढावी.

खरा सामना पहिल्या पक्षाशी आहे. सिग्नल्स दलात 1985 साली भरती झालेल्या एका जवानाचे प्रकरण पाहा. भरतीच्या तपासणीत तो निर्दोष ठरला होता. 1994 मध्ये झटके येतात म्हणून 20 टक्के विकलांगत्व ठरवून त्याला घरी धाडण्यात आले, आणि व्याधी प्रकृतिजन्य आहे, सेवेशी तिचा संबंध नाही, असा शेरा मारून विकलांगत्वाचे निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर ती सेवेतच जडली असे मानावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारने वाहावा, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाबतीत सांगितले ते जुलै 2013 मध्ये. मौज अशी की हे तत्त्व न्यायालयाने नव्याने शोधून काढलेले नव्हते. 1982 च्या सरकारी नियमांतच ते होते! पुढे डिसेंबर 2014 मध्ये विकलांगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याच्या प्रश्नावरील सरकारची शेकडो अपिले त्याच न्यायालयाने एकत्रच निकालात काढली. या सर्व वर्षांत ध्वजदिन एकदाही चुकला नाही.

खोटे दावेही होतात, खजिन्याचे रक्षण करणे हेही राज्याचे कर्तव्यच आहे, असा आक्षेप येईल, आणि तो निराधार नाही. लबाडाला अवश्य धरावे. परंतु थोड्यांच्या लबाडीचा संशय सर्वांच्या माथी मारून पुराव्याचे ओझे अर्धांग लुळे पडलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवणे, हे खजिन्याचे रक्षण नसून दफ्तराचा आळस होय.

आणि हे काही परदेशातून आणावयाचे शहाणपण नव्हे. अफझलखानाच्या प्रसंगानंतर जे कामास आले त्यांच्या मुलांना चाकरीत चालविले, पुत्र नव्हते तेथे पत्नीस निमे वेतन लावून दिले, आणि जखमींना जखम पाहून 25 पासून 200 होनांपर्यंत रक्कम दिली, असे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवले आहे. जखमी मनुष्याने वकील लावल्याचा उल्लेख बखरीत नाही.

म्हणून माझी मागणी माफक आहे. ज्या मुद्द्याचा सर्वोच्च न्यायालयात एकदा निकाल लागला, त्यावर माजी सैनिकाविरुद्ध पुन्हा अपील करावयाचे असल्यास खात्याच्या सचिवाने स्वतःच्या सहीने कारण लिहावे. आणि सत्कार समित्यांनी यंदा शालींचा खर्च वाचवून आपल्या तालुक्यातील एखाद्या अडलेल्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणासाठी वकिलाची फी भरावी. नारळ द्यायचाच असेल तर तो निकाल लागल्यावर द्यावा.