कोळशाचाही उतारा पाहा

उसाच्या मोळीत पाचट, वाढे किंवा माती आली की कारखाना आपल्याला हटकतो. ते रास्तच आहे. कचऱ्यातून साखर निघत नाही. मग बगॅस कमी पडून बॉयलरसाठी कोळसा घ्यायची वेळ येते, तेव्हा नजर फक्त टनाच्या दरावर का असावी?

कोळसा भट्टीत पडला की एकदम जळत नाही. आधी त्यातले पाणी उडते. मग तापून त्यातून जळाऊ वायू आणि डांबराची वाफ सुटते. ती पेटते तीच ज्वाला. मागे उरलेला कर्ब जाळीवर सावकाश जळतो. लाकडे मातीखाली कोंडून कोळसा पाडतात तिथेही हेच घडते. फक्त हवा बेताची, म्हणून कर्ब शिल्लक राहतो.

वायू किती सुटणार, हे कोळशाच्या जातीवर आहे. कोवळ्या लिग्नाइटात पाणी व वायू जास्त. जुन्या अँथ्रासाइटात वायू साधारण शेकडा 10 च्या आत, म्हणून तो पेटायला जड. आपला बगॅस वाळवून तापवला तर शेकडा 80 च्या आसपास वायूच होऊन जातो. म्हणूनच बगॅसचा जाळ वर उठतो आणि कोळशाची धग जाळीवर बसते. जास्त वायूच्या कोळशाला वरून हवा कमी पडली, तर न जळलेला माल काळा धूर होऊन धुराड्यातून जातो. तो आपलाच पैसा!

दुसरा गुण चिकटण्याचा. झरियाकडचा कोकिंग कोळसा 400 अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडतो, फुगतो आणि 500 च्या आसपास घट्ट होतो. पोलादाच्या कारखान्याला तोच हवा. आपल्या जाळीवर मात्र त्याच्या ढेपा होऊन हवा कोंडते. चंद्रपूर-वणीकडचा कोळसा कोकिंग जातीचा नाही; पण त्यात राख बरीच, आणि राखेचेही गाडीभाडे आपणच भरतो.

तपासणी काही अवघड नाही. 1 ग्रॅम पूड झाकणाच्या मुशीत 900 अंशांवर 7 मिनिटे तापवायची. घटलेल्या वजनातून ओलावा वजा केला की वायूचे प्रमाण कळते. 2012 पासून देशात बिगर-कोकिंग कोळशाची प्रतवारी एकूण उष्मांकावर होते. पण नुसता उष्मांक पाहून जाळीवर कोळसा कसा वागेल ते कळत नाही.

म्हणून आमचे संचालक मंडळाला सांगणे आहे: निविदेत उष्मांकाबरोबर ओलावा, राख, वायू आणि चिकटपणा यांचे आकडे मागा. गाडी आली की नमुना सभासदांसमक्ष काढा, आणि माल उणा भरला तर दर कापा. वार्षिक सभेत सभासदांनीही हे आकडे विचारावेत. आपल्या उसाचा दर उताऱ्यावर ठरतो; कोळशालाही तोच न्याय लावा.